तांब्याचं कडं

पहिल्या दिवशी फाटकापाशीच आइविनने माझं मनगट धरलं.
"हे काढ. इथे तांबं चालत नाही.
तांब्याशी या वायूचं जमतं,
आणि जमलं की स्फोट."

कडं वडिलांचं.
सांधेदुखीवर उतारा म्हणून तीस वर्षं घातलेलं,
भट्टीपुढेसुद्धा.
भट्टीला तांब्याचं वावडं नव्हतं. तिथे नुसता
चुना, कोक, आणि धबधब्यावरून ओढून आणलेली वीज.
दोन हजार अंशांच्या पुढे दगड पातळ व्हायचा,
निवला की राखाडी ढेकळं.
"कार्बाइड," ते म्हणायचे, "चिडका दगड.
थेंबभर पाणी पडलं की बोलायला लागतो."

तो बोलतो ते आता मी ऐकते.
भट्टी थंडावल्यापासून ढेकळं पिंपांतून येतात, परक्या बंदरातून;
टाकीत पडतात, खदखदतात,
तळाशी चुन्याचा गाळ,
वर अ‍ॅसिटिलीन.
शुद्ध असता तर म्हणे वास जवळजवळ नसता.
आमचा लसणीचा येतो.
बसमध्ये शेजारी बसलेली बाई
माझ्या स्वयंपाकाबद्दल काहीतरी ठरवून टाकते.

एकटा कोंडून दाबला तर फुटतो.
हवा नको, ऑक्सिजन नको,
स्वतःशीच भांडून.
म्हणून सिलिंडरच्या पोटात आधी सच्छिद्र भराव,
भरावात अ‍ॅसिटोन,
आणि त्यात हा विरतो,
वडिलांचा राग आईच्या गप्प बसण्यात विरायचा तसा.
भरायला तासन् तास. वरून गार पाण्याचा फवारा.
मध्येच हात लावून बघायचं,
तापल्या पोराचं कपाळ बघतात तसं.

मार्चमध्ये जुनी भट्टी पाडायला लेशेक आला,
ग्दान्स्कचा, जहाजं कापणारा.
अठरा सिलिंडर नेले, सगळे मी भरलेले.
मी रजा टाकून बघायला गेले.
ज्योत आधी पिवळी, काजळी उडवणारी;
ऑक्सिजन सोडला तशी
आखडत आखडत निळी,
टोकाशी सुईएवढी.
पत्रा लाल झाला. पांढरा झाला.
मग ठिणग्यांचा एक झोत पलीकडे,
आणि जिथे वडील पहाटे चारला उभे राहायचे
तिथे फ्योर्डचं पाणी दिसायला लागलं.

लेशेकने काच वर केली.
"एखादा तुकडा हवाय?"
नको म्हटलं.
तो जेवायला गेल्यावर एक उचलला, पंजाएवढा.
अजून गरम होता.
टाकला.

आइविन निवृत्त झालाय. नव्या पोरांची मनगटं
आता फाटकापाशी मी धरते.
कडं स्वयंपाकघराच्या खिडकीत असतं,
शनिवारी संध्याकाळी घालते.
सोमवारी बस यायच्या आधी
मनगटावरचा हिरवा डाग
साबणाने घासते,
दोनदा,
तरी थोडा राहतोच.