कोटघर, बुधवारची रात्र

ओब्दुलिया इथं नाचायला येत नाही,
कोट सांभाळायला येते.
हार्लेममधल्या त्या हॉलच्या जिन्याखाली
पितळी बिल्ले, तारेचे हँगर, ओल्या लोकरीचा वास.

माणसं तिला कोटांवरून कळतात.
बाहीला चरबीचा डाग, तो खाटीक सालोमोन.
खिशात सुया विसरते ती गिरणीतली पोर.
आणि तो उंटाच्या रंगाचा, उसना,
दर बुधवारी वेगळ्याच खांद्यांवर.

वर ट्रम्पेट फुटतं,
भर जानेवारीत कुणी खिडकी सताड उघडावी तसं.
छत धडधडतं, धूळ गळते वहीवर.
कोंगा काही विचारतो, पियानो उलट उत्तर देतो,
घंटा मध्येच नाक खुपसते,
मग सगळे एकदम गप्प.
एक श्वास.
अन् कुणीतरी बेंबीच्या देठापासून : हंऽ!

पोन्सेत, साखरेच्या पोत्यांमध्ये, बापानं शिकवलं होतं :
"सम सोडून दे, पोरी. समेवर काय, सगळेच येतात.
दुसऱ्या मात्रेवर पाय टाक,
तिथं जागा असते."

डावा गुडघा डॉक्टरनं बांधून ठेवलाय.
ती उजव्यानं सुरू करते.
कंबर कोटांना लागते, हँगर हँगरला,
किणकिणतात बेसूर, पण अगदी वेळेवर.

"चव्वेचाळीस नंबर," खिडकीशी कुणी म्हणतं, "घाई आहे."
"थांब रे बाबा," ती पाठमोरीच,
"एवढा तुकडा संपू दे."

तो थांबतो. तोंड वाकडं करून.
जरा वेळानं काउंटरवर
त्याचीही बोटं
सम सोडतात.