आधी पाट

केक नंतर. आधी पाट, बेरिल प्रॉसर म्हणाली
आणि अठरा इंची चौकोनी फळी टेबलावर अशी आपटली
की मिठाची बरणी दचकली.
केकपेक्षा चार बोटं मोठी हवी, चहूबाजूंनी.
नाहीतर तो बसतो
जुना कोट घालून लग्नाला आलेल्या माणसासारखा,
श्वास आवरून.

नान्तवेनची शाळा शुक्रवारी बंद होणार होती.
उरली होती सात मुलं
आणि सोमवारपासून त्यांना डोंगरापलीकडे नेणारी एक बस.
याच डोंगराच्या दगडाच्या पाट्या
कुठल्या कुठल्या देशांतल्या पोरांनी थुंकी लावून पुसल्या असतील.
आता पुसायची पाळी आमची.

सोनेरी कागद नको, तो वाढदिवसाला.
साखरेची पोळी नको,
वाळली की कडेला तडकते, माझ्या टाचांसारखी.
मग तिनं पिशवीतून काढला हजेरीपटाच्या झेरॉक्सचा गठ्ठा.
एकतीस वर्षं या मुलांना तिनं वाढलं होतं,
कोण वाटाणे लपवतं ते तिला पाठ.
तिच्या आधीची नावं मात्र
तिनं चष्मा कपाळावर सारून, कागद नाकाशी धरून वाचली,
मग कात्रीनं कापली, मग खळीनं डकवली,
आडवी, तिरपी, एकमेकांच्या खांद्यावर.

शाईनं केकला शिवायचं नाही,
म्हणून वरून पारदर्शक प्लास्टिक, खाण्याला चालणारं.
तू कोपरा धर, एलुनेड. ताण. इतका नको.
मधून कडेकडे, मधून कडेकडे,
ती जुन्या बसपासानं हवा रेटत निघाली.
राहिलाच बुडबुडा, तर टाचणी.
कोपरे दुमडायचे इस्पितळातल्या चादरीसारखे.
खालची बाजूही झाकायची.
खाली कोण बघतंय? मी म्हटलं.
टेबल बघतं.

तेवढ्यात माझ्या अंगठ्याखाली आला गेथिन.
गेथिन पॅरी, इयत्ता दुसरी,
मार्चनंतर नुसती रेघ.
माझा कोपरा सैल पडला असणार.
रिबीन लागली, निळी, सांधा मागच्या बाजूला,
आणि मी काही बोलले नाही.
वर केक येणारच होता.

शुक्रवारी कौन्सिलचा माणूस
भविष्याविषयी इतका वेळ बोलला
की लिंबाच्या आयसिंगला घाम फुटला.
मग सुरी. पहिला तुकडा उचलला
आणि खालून कुणीतरी वर आलं.
दुसरा उचलला, तीन भावंडं.
लोक बशा विसरून वाकले.
इडवल, उद्याच्या बसचा ड्रायव्हर,
चुऱ्यातून बोट फिरवत बापाला शोधत होता,
सापडल्यावर म्हणाला, अक्षर माझ्याहून वाईट,
जसं काही हजेरी बापानंच मांडली होती.
चाकाच्या खुर्चीतल्या ओल्वेन ट्यूडरला
तिचं माहेरचं नाव दाखवलं
तर ती आधी ओळखेचना.
मग हात वर केला.
हजर, म्हणाली, आणि हात बराच वेळ वरच.

पोरं मात्र हावरी. त्यांना नावं नकोत, तुकडे हवेत.

शेवटचा तुकडा उरला.
आमच्याकडे शेवटचा तुकडा कुणी घेत नाही,
तो पाहुण्यासाठी म्हणतात, पाहुणा येवो न येवो.
बेरिलनं तो उभ्या उभ्या खाल्ला.
ओल्या फडक्यानं जागा पुसली, आणि थांबली.

बुडबुडा.
नखाएवढा, गोल, प्लास्टिकखाली फुगलेला.
आत गेथिन,
भिंगातून पाहावा तसा, बाकीच्यांहून थोडा मोठा.

चष्मा कपाळावरून खाली आला.
तिचा हात ॲप्रनकडे गेला, जिथं ती टाचण्या खोचते.
मी भिंतीवरच्या रिकाम्या खुंट्यांकडे बघत राहिले.

प्लास्टिक स्वस्तातलं होतं, ती म्हणाली,
आणि सुरी धुवायला आत गेली.