गोटा

गोळपच्या गिरणीतून तूस आणलं, दोन पोती.
गिरणीवाल्या बेहेऱ्यांनी विचारलं, म्हशीला?
म्हटलं, बॅटरीला.
त्यांनी पैसे घेतले नाहीत.
वेड्या माणसाकडून घेत नसावेत.

तूस जाळलं की पांढरी राख,
राखेत वाळूचं सत्त्व, त्यात सिलिकॉन.
मॅग्नेशियमबरोबर साडेसहाशे अंशांवर पाच तास,
मग आम्लात धुवायचं, परत धुवायचं,
आणि तळाशी बसते ती तपकिरी पूड.
पायलीभर तुसाची
ही एवढी.

सिलिकॉन हावरं असतं.
ग्राफाइट बिचारं तीनशे बहात्तरावर हात धुऊन उठतं,
हे त्याच्या जवळजवळ दहापट लिथियम गिळतं
आणि फुगतं, तिप्पट, चौपट,
मग ओकतं, आणि आक्रसतं.
भरतीला निदान किनारा असतो फुटायला,
ह्याला स्वतःखेरीज काहीच नाही.

पहिला सेल नवव्या फेरीला मेला.
उघडून पाहिला:
तांब्याच्या पत्र्यावर मे महिन्यातलं खाजण,
भेगांच्या कडा वर वळलेल्या,
नखाने उचलावेत असे पापुद्रे.
चौदा सेल, चौदा खाजणं.
पेडणेकर मॅडम म्हणाल्या, बाइंडर बदल.
बदलला.
पंधरावा अकराव्या फेरीला गेला.

सत्यवान शिवलकर आमच्या लॅबचा शिपाई, राजिवड्याचा.
भाऊ होडीवर, हा आर्गॉनच्या सिलिंडरांवर.
एका दुपारी त्याने पिशवीतून नारळ काढला,
कानाशी धरून हलवला.
खुळ्‌खुळ्‌.
"गोटा झालाय," म्हणाला. "आत सुटलाय. अख्खा निघंल."

मी तो त्याच्या हातातून घेतला.
हलवला. खिडकीशी नेऊन हलवला.
करवंटी. तिच्या आत मोकळी जागा.
जागेत खोबऱ्याचा गोळा, कशालाच न चिकटलेला.
ह्याला आता फुगायचं असतं
तर फुगला असता,
करवंटीला पत्ताही लागला नसता.

"मॅडम, द्या. चटणीला न्यायचाय."
थांब, म्हटलं.
तो थांबला. नारळ मात्र त्या दिवशी मिळाला नाही त्याला.

पुढचे आठ महिने सांगण्यासारखे नाहीत.
सिलिकॉनच्या कणावर काचेचा लेप,
लेपावर माडाच्या गुळाचा पाक,
पाक जाळून कोळशाची करवंटी,
आणि मग हायड्रोफ्लोरिकने मधली काच विरघळवायची,
दोन-दोन हातमोजे, श्वास धरून,
की आत उरावी
जाणूनबुजून ठेवलेली पोकळी.
केसाच्या जाडीत हजार गोटे मावतील.
दोनदा करवंट्याच फुटल्या. एकदा वीज गेली
आणि भट्टी निम्म्यात थंड झाली.
एकदा मीच रडले, कारण आठवत नाही,
बहुधा डबा सांडला होता.

परवा तीनशे चाळिसावी फेरी संपली.
पडद्यावरची रेघ उतरतेय, पण सावकाश,
घाटी उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखी, कठडा धरून.
मॅडम चष्मा काढून म्हणाल्या, परत करून दाखव.
त्यांचं कौतुक असंच असतं.

सत्यवानाने विचारलं, यावर भावाची होडी कितीक चालंल?
मी हिशेब केला, खोटं कशाला बोला.
होडी नाही. डोलीवरचा दिवा फक्त,
तोही वीस सेकंद.
तो जरा विचारात पडला.
"वीस सेकंदांत," म्हणाला, "जाळ्याची गाठ दिसते."

संध्याकाळी सगळे गेल्यावर
सेल चिमटीत घेतला, चार आण्याच्या नाण्याएवढा,
कानाशी धरून हलवला.

काही ऐकू येत नाही.
भाट्याकडून वारा तेवढा येत होता,
आणि टेबलावर, वाळून पार हलका झालेला,
सत्यवानाचा नारळ.
उद्या त्याला नवा आणून द्यायला हवा.