भेळ, चाळीस

पतपेढीचा शेवटचा हप्ता फिटला त्या रात्री
बाबांनी वही काढली.
लिफ्टच्या देखभालीची जुनी नोंदवही, पाठकोरी पानं.
वर माझं नाव, खाली रेघ,
रेघेखाली पाच वर्षं.

बी.एस्सी.ची फी. एम.एस्सी.ची फी.
कालिन्याला जायचे बसचे पास.
झेरॉक्स, झेरॉक्स, झेरॉक्स.
चष्मा एक. नंबर वाढला म्हणून आणखी एक.
आईची पाटली गहाण, सोडवली, पुन्हा गहाण;
तिथे बाबांचं अक्षर बारीक झालेलं.

आणि एक रकाना, कुठल्या मुनिमाने मांडला नसता असा:
'मालाडच्या कॉल सेंटरला लागली असती तर.'
महिना बावीस हजार, गुणिले साठ.
मी चमकले. बाबा, हे पुस्तकात असतं,
याला नाव आहे.
'नाव असू दे. आकडा बरोबर आहे का सांग.'
तेरा लाख वीस हजार.
बरोबर होता.

जमेच्या बाजूला मी होते.
तासिका तत्त्वावर, दोन कॉलेजांत, एक मुलुंडला, एक वडाळ्याला.
तास बुडाला की पैसे बुडाले,
मे महिन्यात गणित बंद, पोट चालू.
संध्याकाळी चेंबूरला, चौदाव्या मजल्यावर
एक मुलगा, त्याला अपूर्णांकांची भीती वाटते.
त्याची आई पाकीट देते, म्हणते मोजून घ्या,
आणि मी, एवढी शिकलेली,
मोजत नाही. लाज वाटते.

समोर सुजित जेवत होता. आयटीआय, दोन वर्षं, एसीची दुरुस्ती.
उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत
माझ्या वर्षाएवढं घरी आणतो.
तो काही बोलला नाही. उलट माझ्या ताटात
बोंबलाचा मोठा तुकडा सरकवला.
तेच जास्त लागलं.

'एवढं गणित शिकलीस,' बाबा म्हणाले,
'आणि हिशोब कसा येत नाही तुला?'
टोमणा नव्हता. खरंच विचारत होते.

म्हणून मी सांगायला गेले,
की फोर्टातल्या त्या इमारतीत एकतीस वर्षं
तुम्ही लिफ्ट चालवलीत. वर जाताना अधिक, खाली येताना उणे.
रोज रात्री तळमजल्याला आणून कुलूप.
म्हणजे सगळी बेरीज, बाबा, शून्य.

ते थांबले.
स्टुलाच्या उंचीएवढी वाकलेली पाठ भिंतीला टेकवली.
'शून्य? मग पगार कशाचा देत होते मला?'
आई आधी हसली. मग सुजित.
बाबा नाही हसले, ते अजून मजले मोजत होते.
'उणं कशाला धरतेस पण?
उतरतानाही माणसं असायचीच की आत.'

यालाही नाव आहे.
या वेळी मी सांगितलं नाही.

अकरा वाजले, वही मिटायची, तर
चाळीस रुपये लागेनात.
दुसरं वर्ष, ऑगस्ट. हातात दिलेले इतके, खर्च इतका,
मध्ये चाळीस.
बाबा पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करतात.
लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली
तर आतला माणूस बाहेर निघेपर्यंत
डबा उघडायचे नाहीत ते.

मला माहीत आहेत ते चाळीस.
फाउंटनच्या फुटपाथवरचं एक पुस्तक,
कव्हर गेलेलं, पहिली पानं कसरीने खाल्लेली,
शेवटच्या पानावर कुणीतरी पेन्सिलने
एक सिद्धता अर्ध्यात सोडलेली.
मी एका बंद बँकेच्या पायरीवर बसून ती पुरी करायला घेतली.
तिसऱ्या ओळीत त्याची चूक, सातव्या ओळीत माझी,
मग कुठेच चूक नाही.
मान वर केली तेव्हा रस्त्यावर दिवे लागलेले,
आणि वॉचमन म्हणत होता, ताई,
केव्हापासून विचारतोय, बरं वाटत नाही का?

बाबा पेन्सिल कानामागून काढतात.
'आठवतंय का काही?'
नाही, मी म्हणते. भेळ खाल्ली असेन.

ते लिहितात: भेळ, चाळीस.
हिशोब लागतो.