डावा काठ

पुस्तकातल्या माणसांना वय असतं, नाव नसतं.
पासष्ट वर्षांचा पुरुष. अठ्ठावीस वर्षांची धावपटू.
एकेकाला सव्वा मिनिट देते,
मग तिथंच लंगडत सोडून
पुढच्या पानावर जाते.

पाचपावलीत रात्री एक वाजता
कूलरचं पाणी संपतं, पंप कोरडाच घरघरतो.
(घरघर वेगळी, करकर वेगळी: छातीचा धडा, पान तीनशे दोन.)
बादली घेऊन जिना उतरते, चढते.
चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा.
माझे दोन्ही चांगले, तरी म्हणत जाते.

धाकट्या निनादच्या हातावर
निळ्या स्केचपेननं नसांचे इलाखे आखलेत:
अंगठा सी-सहा, मधलं बोट सी-सात, करंगळी सी-आठ.
तसाच गेला तो सकाळी तर्री-पोहे खायला.
ठेलेवाला म्हणाला,
हातावर लेआउट पाडलं का बे?

प्रश्न एकशे चौदा.
पासष्ट वर्षांचा पुरुष. मेंदूच्या उजव्या अर्ध्याला झटका.
डाव्या बाजूचं भान नाही.
थेरपिस्टनं कुठं उभं राहावं?
अ, ब, क, ड.

थांबा. ह्यांना मी ओळखते.

इंटर्नशिपचा फेब्रुवारी, मेडिकलचा वॉर्ड,
खिडकीजवळचा पलंग.
सुखदेव पौनीकर, जन्म हातमागावर गेला.
ताटातला उजवा भात खायचे,
डावा भात त्यांच्यासाठी शिजलाच नव्हता.
दाढी अर्धी.
घड्याळ काढा म्हटलं तर बाराही आकडे एका अंगाला,
वऱ्हाडाच्या जीपमध्ये कोंबावेत तसे.
मग मी म्हटलं, काका, लुगड्याचं चित्र काढा.
त्यांनी करवती काठ काढला, दात न् दात मोजून,
उजवा.
डावीकडं नुसता कागद.

वच्छलाबाई उजवीकडं बसायच्या, दिसते म्हणून.
मी त्यांना उठवलं,
स्टूल उचलून पलंगाच्या डाव्या अंगाला ठेवलं.
पण त्यायले दिसन का मी?
नाही दिसणार, म्हटलं. म्हणूनच.

केवढ्या सहज म्हणाले होते मी ते.

चार दिवस ती बाई
नवऱ्याच्या जगात नसलेल्या जागेवर बसून राहिली.
बशीत चहा ओतला, निर्जीव बोटं एकेक करून चोळली.
ते उजवीकडं बघत सलाईनच्या स्टँडला विचारायचे,
वच्छला कुठी गेली?
अठीच आहो न जी मी, ती डावीकडून म्हणायची,
आणि ते अजून उजवीकडं वळून शोधायचे.

पाचव्या दिवशी दुपारी
मान हलली. जुन्या मागाचा रूळ फिरावा तशी,
अडत, थोडी मागं येत, पुन्हा.
कवाची बसून आहेस वं तठी?

वच्छलाबाईंना तेव्हा डुलकी लागली होती.
ऐकलं ते मी, आणि शेजारच्या पलंगावरच्या
पाय मोडलेल्या पोरानं.
हलवून जागं केलं, सांगितलं.
त्यांना पटेना. पुन्हा बोलायला लावा म्हणाल्या.
सुखदेवराव तोवर परत खिडकी बघत होते.
खिडकी उजवीकडं होती.

मी 'क' वर खूण करते.
बरोबर. खाली दोन ओळींचं स्पष्टीकरण.
स्टुलावर कुणी बसायचं, किती दिवस,
आणि झोप लागली तर काय,
ह्याला गुण नाहीत.

घड्याळात बघते: ह्या एका प्रश्नाला अकरा मिनिटं.
परीक्षेत असं केलं तर झालंच.
ही तूट कुठंतरी भरून काढावी लागेल,
बहुधा गुडघ्यात.

निनाद पलीकडं झोपलाय, हात छातीवर.
सी-सहा घामानं पुसत आलाय.
एकशे पंधरा.
बेचाळीस वर्षांची शिक्षिका, खांदा वर जात नाही.