उजेडाला धर

आमच्याकडे पेटंट म्हणजे एखाद्याचं ठरलेलं वाक्य.
अण्णांचं पेटंट : उजेडाला धर.
लग्नाची पत्रिका, रेशनकार्ड, माझा दहावीचा निकाल,
भाजीवाल्याने गळ्यात मारलेली दहाची नोट,
हाती येईल ते आधी ट्यूबलाइटकडे.
सदतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
पुंजाजी ताजनपुरे, तपासणी विभाग,
शाई पसरलेला, आकडा सरकलेला कागद
गठ्ठ्यातून एका बोटाने ओढून काढत राहिले.

आता गंगापूर रोडच्या दवाखान्यात
डॉक्टर चांदोरकर अण्णांचा मेंदू
उजेडाला धरतात.
"इथे बघा, साका जमलाय."
मग एका औषधाबद्दल सांगतात,
शिरेतून, दर पंधरा दिवसांनी.
प्रयोगशाळेत घडवलेलं प्रतिपिंड
रक्तातून मेंदूत शिरतं,
बाकी काही न छेडता साका ओळखतं,
त्याच्यावर खूण करतं,
आणि खूण दिसली की शरीराचेच पहारेकरी
येऊन तो उचलून नेतात.
मी म्हटलं, म्हणजे तपासनीस.
डॉक्टर हसले नाहीत.
कधी सूज येते, म्हणाले, कधी रक्त झिरपतं.
किंमत तोंडाने सांगितली नाही, लिहून दाखवली,
आणि तो कागद घडी करून स्वतःच्याच खिशात ठेवला.

रात्री मी ते पेटंट उतरवून घेतलं.
एकशे बारा पानं, कुणीही वाचावीत, फुकट.
कुठल्या कडीला कुठली कडी, किती गारव्यात ठेवायचं,
उंदराला किती, माणसाला किती,
सगळं उघडं.
फक्त करायचं नाही. वीस वर्षं दुसऱ्या कुणी करायचं नाही.
अण्णांना हे समजवावं लागलं नसतं.
नोटेत काय काय असतं ते नोटच दाखवते,
म्हणून घरी छापता येते का?

शेवटी दावे.
दावा पहिला. दावा दुसरा, पहिल्यासारखाच, फक्त मीठ वेगळं.
शेजारच्या खोलीत अण्णांचेही दावे चालू होते :
हे आपलं क्वार्टर नव्हे.
फोटोतली बाई मला ओळखते, मी तिला नाही.
मी म्हणजे त्यांची बहीण कौसा,
पण कौसा तर विहिरीवर गेलीय,
मग मी इथे कशी?

औषध सुरुवातीच्या टप्प्यातच देतात,
डॉक्टर फोनवर म्हणाले, तीन वर्षं आधी यायला हवं होतं.
तीन वर्षांपूर्वी बिटको चौकातून घरी येताना
अण्णा आणि मी तासभर फिरत राहिलो
आणि रस्ता मीच चुकले
असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं.

रोज पाचला, भोंगा वाजो न वाजो,
अण्णा दारात उभे राहतात, हात वर करून,
गेटवरच्या झडतीसाठी.
मी खिसे चाचपते. रिकामे.
इतक्या वर्षांत कागदाचा कपटा बाहेर नेला नाही,
हे सांगताना त्यांची मान ताठ व्हायची.
हल्ली वाटतं, आतही कुणीतरी
अशीच झडती घेतं त्यांची
आणि काही म्हणता काही बाहेर येऊ देत नाही.

काल पेटंटची पानं टेबलावर राहिली होती.
त्यांनी एकेक उचललं, ट्यूबलाइटला धरलं,
तिरकं केलं, अंगठ्याने कड चाळवली.
अठ्ठेचाळिसावं बाजूला काढलं.
"बाद."
काय चुकलंय, अण्णा?
"तुला दिसत नाही?"
त्या पानावर आलेख होता, दोन रेघा,
औषध घेतलेल्यांची आणि न घेतलेल्यांची,
एकमेकींपासून जराशा लांब,
दोन्ही खाली जाणाऱ्या.

पाचला दारात. हात वर.
डाव्या खिशात चुरगळलेला कागद हाताला लागला.
अण्णा सरळ समोर बघत होते,
पापणी हलली नाही, श्वास मात्र थांबलेला.
मी हात काढून घेतला.
"काही नाही. जा."
ते पायऱ्या उतरले,
फाटकापर्यंत गेले,
जरा घाईनेच.