वाढलेली काच

आमच्या घरात काच कधी फुटली नाही.
घरात दखनी चालायची, दुकानात मराठी,
पण हा एक शब्द दुकानातून घरात आला होता:
बांगडी वाढली, म्हणायची अम्मा,
आणि सुपलीत वाढलेली काच भरून घ्यायची
अनवाणी गिऱ्हाईक उंबऱ्यावर यायच्या आत.

अजमानच्या सनाय्यात, पत्र्याच्या शेडखाली,
मी सकाळी सहापासून काच वाढवतो.
ओंडक्यात रोवलेली छिन्नी, धार वर.
धारेवर काचेची वडी, वरून हातोडी,
जोरात नाही,
अडकित्त्यात सुपारी धरावी तेवढीच.
'हाताकडं बघू नको, आवाज ऐक,'
उस्ताद अबू निझारनं पहिल्या दिवशी सांगितलं,
त्याच्या होम्सच्या हिंदीत.
नीट कापली तर टिक्.
चुकली तर आधी बोटाला कळतं.

काम सगळं उलटं.
खाकी कागदावर आरशातलं चित्र,
त्यावर पिठाच्या खळीनं तुकडे पालथे लावायचे,
तोंड कागदात, पाठ आपल्याकडे.
सोन्याची काच पाठीमागून हिरवट दिसते,
विहिरीच्या पायरीवरच्या शेवाळासारखी.
म्हणजे दोन महिने मी सोनं लावत होतो
आणि बघत होतो शेवाळ.

ओळखपत्राच्या कचेरीत यंत्रानं माझा अंगठा घेतला नाही.
पुन्हा ठेवा, बाई म्हणाली. पुसून ठेवा. दुसरं बोट.
दहाही झाली. मागं रांग कुरकुरायला लागली.
अठरा वर्षांत रेघा सगळ्या काचेनं घासून नेल्या.
टेकबहादूर रात्री खोलीत हसत सुटला:
'दाई, आता बँक लूट, कोण धरतंय तुला!'
मीही हसलो. मग डाळीला फोडणी द्यायची होती.

अब्बा गेले तेव्हा खोर फक्कानच्या हॉटेलची भिंत
चार दिवसांत द्यायची होती.
पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, कपाटाची किल्ली मॅनेजरकडे,
मॅनेजर सुट्टीवर.
भाचीनं फोनवर सांगितलं ते एवढंच आठवतं:
शेजारच्या बायका अम्माच्या बांगड्यांना हात लावायला आल्या,
तर ती उठली, मोरीत गेली,
साबण लावून एकेक बांगडी सोडवली,
सगळ्या अख्ख्या,
पुसून परत माळेत ओवल्या.
'माल आहे तो,' म्हणाली.
चाळीस वर्षं लेंगऱ्याच्या बाजारात
दुसऱ्यांचे हात दाबून चुडा भरणाऱ्या बाईनं
स्वतःचा हात तेवढ्याच सवयीनं रिकामा केला.

भिंत मी दिली.
शेवटच्या दिवशी ओल्या स्पंजानं कागद भिजवायचा,
वरच्या कोपऱ्यातून सोलायचा, घाई न करता.
निघाला समुद्र.
दोन महिने मी डावीकडं वळवलेली होडी
उजवीकडं चालली होती,
आणि शेवाळाच्या जागी, पाण्यावर, ऊन.
एक तुकडा कागदाबरोबर निघून आला.
उस्तादनं बघितलं, काही बोलला नाही,
खिशातून दुसरा काढून बसवला.
हॉटेलवाला फोटो काढायला आला,
म्हणाला, जरा बाजूला व्हा.

निघालेला तुकडा माझ्याकडं आहे,
चहाच्या डब्यात, टेकबहादूरच्या सुईदोऱ्याशेजारी.
त्याचं काय करायचं ते ठरलेलं नाही.

अम्मा आता रोज रात्री फोन करते.
तब्येत नंतर विचारते, पैसे त्याहून नंतर.
आधी विचारते,
'आज किती वाढली?'
मी चौरस फुटात सांगतो.
तिला चौरस फूट कळत नाहीत,
तिचं माप सव्वादोन, अडीच, पावणेतीन.
तरी हिशेब केल्यासारखी थांबते,
मग म्हणते, 'बरी झाली की. चपला घालून हिंड तिथं.'